उंबऱ्यावरचं पीठ

१

दिवेलागण झाली की वनिता पिठाची चाळण घेऊन माजघराच्या उंबऱ्यापाशी बसायची. तांदळाचं पीठ, घरच्याच इंद्रायणीचं, वेल्ह्याच्या गिरणीतून बारीक दळून आणलेलं. उंबऱ्याच्या अलीकडे वीतभर, पलीकडे वीतभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डाव्या हातात चाळण धरायची, उजव्या हाताने कडेला टिचक्या मारायच्या आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं. हात सारखा पडायला हवा. कुठे जाड, कुठे पातळ झालं की सकाळी पीठ बघायला येणारी सगुणाबाई टोकायची, "काल मन थाऱ्यावर नव्हतं वाटतं तुजं."

मन थाऱ्यावर असणार कसं? पिठाच्या पलीकडे सोप्यात घोंगडीवर नवरा आणि अलीकडे माजघरात गोधडीवर ती. मध्ये दोन वितींचं पांढरं. ते ओलांडायचं नाही. आणि हे आजकालचं नव्हे, येत्या चैत्रात त्याला दोन वर्षं पुरी होणार होती.

कातळवाडीत याला पाळणूक म्हणत. तोरण्याच्या पायथ्याची पन्नास-साठ घरांची वाडी, कातळाई तिची देवी. चैत्रातल्या जत्रेत जो गडी देवीचा मुखवटा डोक्यावर घेतो, त्याने पुढल्या जत्रेपर्यंत बायकोपासून दूर राहायचं. मग मुखवटा दुसऱ्याला द्यायचा, नाहीतर हौस असेल तर पुन्हा आपणच घ्यायचा. पाळणूक गड्याची, मान गड्याचा, पाया पडायचं ते गड्याच्या. पहारा मात्र बाईच्या उंबऱ्यावर. रोज संध्याकाळी पीठ चाळायचं बायकोने आणि सकाळी ते तपासायचं एखाद्या जुन्या पाळणुकीच्या म्हातारीने. पिठावर पाऊल दिसलं तर दोष कुणाचा, हे काय विचारायला हवं? गड्याचा मुखवटा जायचा, तेवढ्यावर त्याचं भागायचं. बाईने जत्रेचा अख्खा दिवस देवीकडे पाठ करून भर मांडवात उभं राहायचं. वाडीत असं एकदाच झालं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. त्या बाईची नातवंडं आता पुण्यात नोकऱ्या करतात, तरी वाडीत त्यांना अजून 'पीठमोडीची' म्हणतात.

आणि यातली गंमत अशी, की वनिता वाडीची आशाताई होती. तिच्या पिशवीत गोळ्या, निरोधची पाकिटं आणि 'दोन मुलांत अंतर'ची चित्रं. नव्या सुनांना ती चुलीपाशी गाठून समजावायची आणि सुना पदर तोंडात कोंबून हसायच्या. एक आगाऊ पोर म्हणाली होती, "ताई, तुमी कंचं वापरता वो?" वनिताही हसली होती. काय सांगणार, की मी तांदळाचं पीठ वापरते? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

घरी येऊन मात्र ती रडली होती. वय सदतीस झालं होतं. एकदा दिवस राहिले होते, ते तिसऱ्या महिन्यात गेले, त्यालाही सहा वर्षं होऊन गेली होती.

२

फाल्गुनातल्या एका सकाळी ती उठली, केस बांधले आणि उंबऱ्याशी आली. पिठात पावलं होती.

दोनच. उंबऱ्याच्या अलीकडे डावं, पलीकडे उजवं. दोन्ही सोप्याच्या दिशेने गेलेली. परत आलेलं एकही नव्हतं.

पहिल्यांदा तिला नवऱ्याचाच राग आला. मग लक्षात आलं, पावलं माजघरातून निघालीत. माजघरात तर ती एकटीच होती. मागचं दार आतून कडी घातलेलं, अडसर जागेवर. मग काय आपणच गेलो झोपेत? तिने आपलं पाऊल शेजारी धरून पाहिलं. तिचं पाऊल भातखाचरातल्या चिखलणीने रुंद झालेलं, टाचेला आडवी भेग, बोटात जोडवी. पिठातलं पाऊल अरुंद होतं, मधला भाग उचललेला, जोडव्याची खूण नाही. आणि उजव्या पावलाला करंगळी नव्हती.

बाहेर सगुणाबाईच्या वहाणा वाजल्या. नवरा, इंद्रजित, नेहमीसारखा उजाडायच्या आधीच ओढ्यावर अंघोळीला गेलेला. वनिताने विचार केला नाही. ओल्या फडक्याने पीठ पुसलं, डब्यातलं नवं पीठ ओतलं आणि भराभरा चाळलं. पीठमोडी हा एकच शब्द तिच्या डोक्यात होता.

सगुणाबाई सोप्यातून आत आली. सत्तरीची, काठीसारखी ताठ. तिच्या नवऱ्याने, चिमाजीने, अकरा वर्षं पाळणूक केली होती, म्हणून पीठ बघायचा मान तिचा. ती वाकली, चिमूटभर पीठ बोटांत घेऊन चोळलं.

"रातचं पीठ दमट लागतं गं," ती म्हणाली. "हे कोरडंठाक हाय."

 म्हातारीने वनिताकडे नुसतं बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि चिमूट झटकली.

"बरं हाय," म्हणून ती निघून गेली. वनिताला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःचाच संताप आला. न केलेल्या गुन्ह्याचे ठसे पुसायला ती स्वतःच धावली होती.

३

मंगळवारी वेल्ह्याला दवाखान्यात आशांची बैठक असायची. वनिता सकाळच्या एसटीने गेली. सोबत वजनकाटा नेला होता, कारण तो बिघडलाय अशी तिची खात्री होती. गेल्या महिन्यात तिचं वजन चौपन्न होतं. परवा सहज उभी राहिली तर सत्तेचाळीस.

सुलक्षणा सिस्टर भोरच्या, तोंडाने फटकळ आणि मनाने मायाळू. त्या स्वतः काट्यावर चढल्या. अडुसष्ट.

"काटा अगदी बरोबर आहे, माझं कुठे लपतंय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही उतरलाय. चेहऱ्यावर दिसत नाही पण."

"सिस्टर, ब्लाउज तोच बसतो. बांगड्या त्याच. मंग वजन गेलं कुठं?"

सिस्टरांनी रक्त काढलं, डोळे बघितले, जीभ बघितली. काही सापडेना. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "वनिताताई, स्पष्ट बोलू? वजनाचं बघू आपण. पण तुम्हाला मूल हवंय ना? मग नवऱ्याला घेऊन नसरापूरला त्या डॉक्टरबाईंकडे जा. सदतीस म्हणजे वाट बघत बसायचं वय नाही."

"जत्रा झाली की जाते."

"गेल्या वर्षीही जत्राच म्हणाला होतात."

 परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून वनिता हिशेब मांडत राहिली, की औंदा त्याने मुखवटा दुसऱ्याला दिला तर वैशाखात नसरापूर आणि ज्येष्ठात काहीतरी कळेल. गाडी मोकळी असूनही कंडक्टर तिच्याकडे न बघताच पुढे गेला. तिला दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा त्याने तिकीट फाडलं.

४

संध्याकाळी इंद्रजित जेवायला बसला. पाळणुकीत बायकोने ताट हातात द्यायचं नाही, जमिनीवर ठेवून सरकवायचं. तिने सरकवलं.

इंद्रजित गवंडी. दोन वर्षांपूर्वी अंगाने वाळका, सिमेंटने हात फाटलेला माणूस होता. आता अंग भरलं होतं, तोंडावर तुकतुकी आली होती. अलीकडे तो सकाळी गुणगुणत असे. वाडीतले लोक म्हणत, बघा, पाळणुकीचं तेज. वनिताला ते तेज बघून अंगाची लाही व्हायची. व्रतं धरून माणूस वाळतो, हे तिला ठाऊक होतं. हा पोसला जात होता.

"अहो," ती म्हणाली, "औंदा मुखवटा सोमनाथ भावजींना द्या. ते मागत्यात बी."

"बघू."

"बघू न्हाई. सिस्टर म्हनल्या आता उशीर करू नका. माजं वय काय थांबून राहिलंय का?"

त्याने भाकरी मोडली. रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं. पूर्वी भांडायचा तरी. "वने, ह्याच्यात लई सुख हाय," तो शांतपणे म्हणाला. "तुला न्हाई कळायचं. म्या तर म्हनतो आनखी एक वरीस घ्यावं."

"आन मी?"

"तुला काय कमी हाय?" तो खरंच नवलाने म्हणाला, आणि एकदम हसला. ते हसू तिला ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो असा हसायचा, आदल्या रात्रीची आठवण मनात ठेवून. पण तो हसला ते तिच्याकडे बघून नव्हे. तिच्या डाव्या खांद्यामागे, माजघराच्या अंधाऱ्या दारात बघून.

तिने मागे वळून पाहिलं. तिथे काही नव्हतं. ती उठली आणि चाळण घ्यायला गेली, कारण दिवेलागण झाली होती.

५

पावलं आता रोज दिसू लागली. रोज दोन, रोज सोप्याकडे. आलेलं एक नाही. दहा दिवसांत वनिता दहा वेळा पुसत आली, आणि दहा वेळा सगुणाबाई कोरडं पीठ चोळून "बरं हाय" म्हणून गेली.

जागं राहायचा तिने प्रयत्न केला. झोप कधी लागायची ते कळायचं नाही, पण लागायची. मग तिने डोकं चालवलं. ती शिकलेली बाई, बारावी पास, रजिस्टर आणि मोबाईलवर गावभराची माहिती भरणारी. एका संध्याकाळी तिने उंबऱ्यावरच नाही, साऱ्या माजघरात पीठ चाळलं. मागच्या दारापाशी, फडताळापुढे, आपल्या गोधडीच्या चारी बाजूंनी. येणारी जिथून येते तिथून आता दिसेल, असा विचार करून ती मध्ये जाऊन झोपली.

सकाळी मागच्या दारापाशी पीठ जसंच्या तसं होतं. फडताळापुढेही. पावलं सुरू झाली होती ती तिच्या गोधडीच्या काठापासून. जणू कुणी तिच्या कुशीतून उठून, पाय खाली सोडून, चालू लागलं होतं.

वनिताने आपले तळवे उलटून बघितले. स्वच्छ. नखांतसुद्धा पिठाचा कण नव्हता.  झोपेत चालणारी माणसं असतात, हे तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण झोपेत चालणारी माणसं पाय धुऊन परत येत नाहीत, आणि त्यांची करंगळी जाऊन परत उगवत नाही.

कारण त्या दिवशी तिला आणखी एक दिसलं. उजव्या पावलाला करंगळीची बारीकशी खूण उठली होती. आणि अंगठ्याशेजारच्या बोटापाशी, पिठात, जोडव्याची चकती.

काट्यावर त्या दिवशी एकोणचाळीस भरले.

६

करंगळी नसलेलं पाऊल आपण कुठे बघितलंय, हे तिला रांगोळीचा डबा पुसताना आठवलं. बघितलं नव्हतं, हाताने चाचपलं होतं.

कातळाईच्या देवळाच्या उजव्या भिंतीत दगडात कोरलेलं एक जोडपं होतं. त्याचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे गुंफलेले, तिचा एक पाय त्याच्या पावलावर टेकलेला. अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही. पुरुष तिथून मान खाली घालून जात आणि वळून बघत. बायकांची रीत वेगळी होती. नवी सून आली की दुपारी, गडी रानात असताना, थोरल्या बाया तिला तिथे नेऊन त्या दगडी बाईच्या पायाला तेल लावायला सांगत. वनितानेही लावलं होतं. तेलाने काळाभोर, गुळगुळीत झालेला पाय, आणि कितीतरी सुनांच्या बोटांनी झिजून करंगळी नाहीशी झालेली.

मग तीन वर्षांपूर्वी सप्ताहाला बाहेरगावचे एक महाराज आले. त्यांनी भर मांडवात विचारलं, देवाच्या दारात हे असलं? झालं. ज्या वाडीला पिढ्यान्‌पिढ्या लाज वाटली नव्हती तिला एका दिवसात वाटली. कमिटी बसली. जोडपं सिमेंटने लिंपून टाकायचं ठरलं. लिंपलं कुणी, तर गावच्या गवंड्याने, इंद्रजितने. वर ऑइल पेंट मारून 'शांतता राखा' असं लिहिलं. पुढच्याच चैत्रात मुखवटा इंद्रजितच्या डोक्यावर आला.

वनिता गेली तेव्हा दुपार होती. कुंडलिक गुरव पायरी झाडत होता. 'शांतता राखा'मधल्या 'शां'पासून खाली एक चीर गेली होती, दोन बोटं रुंद. तिने बोटांनी भिंत वाजवून पाहिली. एका बाजूला दगडाचा भरीव आवाज. दुसऱ्या बाजूला रिकाम्या माठासारखा.

तिने मोबाईलची बॅटरी लावली आणि चिरेला डोळा भिडवला. त्या दगडी गड्याचे हात दिसले. कोपरापासून खाली वळलेले, बोटं बोटांत गुंफलेली. हातांच्या विळख्यात काही नव्हतं. फुटलेलं नव्हतं, तासलेलंही नव्हतं. कुणी तिथे कधी कोरलंच नव्हतं अशी सपाट, थंड भिंत.

"काय बघतीस गं तिकडं?" कुंडलिक ओरडला.

"मामा, आतली बाई दिसंना."

"झाकलीया न्हवं? मंग दिसंल कशी?" तो खराटा आपटत म्हणाला. "झाकलंय त्ये झाकलेलंच बरं. जा घरला."

चीर लहान होती, उजेड कमी होता, कोन वाकडा होता. घरी जाईपर्यंत तिने अशी पाच-सहा कारणं जमवली. एकही पुरेना.

७

जत्रेला दोन दिवस उरले तेव्हा वनिताने ठरवलं, की पुसायचं नाही. जाऊ दे नाव. पीठ मोडलं की मुखवटा जाईल, मुखवटा गेला की पाळणूक सुटेल, आणि नवरा या बाजूला येईल. एक दिवस देवीकडे पाठ करून उभं राहायचं, एवढंच ना? दोन वर्षं नवऱ्याची पाठच बघितली होती तिने.

सकाळी पावलं होती. तिने हात लावला नाही. सगुणाबाई आली, वाकली आणि थबकली. मग लुगड्याच्या पदराने सावकाश, एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तशी, ती दोन्ही पावलं पुसून टाकली.

"आत्या!" वनिता किंचाळलीच. "मोडलंय त्ये! सांगा की जाऊन कमिटीला."

"तुजं हाय का ह्ये पाऊल?"

"माजंच हाय."

"खोटं बोलू नगं. तुज्या टाचंची भेग म्या वळखते." म्हातारी उंबऱ्यावर टेकली. तिचे हात पांढरे झाले होते. "माज्या येळला बी व्हती ही. पयल्या दिसापास्नं म्या बघतीया, तू पुसतीस त्ये."

 "मंग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? कुनाला सांगू? त्यानी अकरा वर्सं पाळलं. वाडीनं शाल दिली, नारळ दिला. म्हनले, चिमाजीवानी गडी न्हाई." सगुणाबाईने तोंड वाकडं केलं. "मेला तवा 'सगुना, सगुना' करत मेला. समद्या बाया म्हनल्या, बाई गं, किती जीव. म्या उशाशी बसले व्हते. त्यो पायथ्याकडं बघून हाका मारत व्हता."

सोप्यातून सकाळचं ऊन आत आलं होतं आणि त्यात पिठाचे कण तरंगत होते. 

"मंग तुमी काय केलंत, आत्या?"

"काय करनार? पीठ चाळलं."

वनिताला रडू आलं नाही. सणसणून राग आला. देवीचा, महाराजांचा, कमिटीचा, त्या तुकतुकीत हसणाऱ्या माणसाचा, या म्हातारीचाही. "मोडायचं कसं ह्ये? त्येवढं सांगा."

"तिच्या पावलानं मोडत न्हाई. तुज्या पावलानं मोडतं." सगुणाबाई काठीवर भार देत उठली. "करायचं तर बिगी कर. म्या लई उशीर केला व्हता."

८

जत्रेच्या दिवशी रीत अशी, की दिवस उगवताच कमिटीची माणसं पाळणुकीच्या घरापुढे जमायची. सगुणाबाई आत जाऊन पीठ बघणार, दारात येऊन सांगणार, आणि मग हलगी वाजणार. इंद्रजित तिसऱ्यांदा मुखवटा घेणार हे आधीच सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बायकोला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

वनिता उठली तेव्हा फटफटीत उजाडलं होतं. अंगणात माणसांची कुजबुज होती, कुणीतरी खाकरत होतं. तिने उंबऱ्याकडे पाहिलं. आज पावलं नव्हती. महिन्याभरात पहिल्यांदाच पीठ तिने चाळलं होतं तसंच, कोरं पडलं होतं.

आली नाही, असं वाटून तिला केवढा आनंद झाला. बरंच झालं. आता उमटेल ते तिचं एकटीचं. भेग असलेली रुंद टाच, साऱ्या वाडीने बघावी अशी. तिने पातळ घोट्याच्या वर खोचलं, डावं पाऊल पिठात ठेवलं आणि दाबून धरलं. मग उंबरा ओलांडून उजवं. तेही दाबलं, टाच फिरवली. दोन वर्षांनी ती सोप्यात, त्याच्या अंथरुणापाशी, उभी होती.

इंद्रजित आज ओढ्यावर गेला नव्हता. भिंतीकडे तोंड करून तो झोपला होता, डोक्यावरून घोंगडी. घोंगडी एका माणसाच्या मानाने मोठी फुगलेली दिसत होती.

"अहो," वनिता म्हणाली.  "उठा. मोडलं म्या. आता चला आत."

घोंगडीखाली हालचाल झाली. झोपेतल्या, सुखातल्या आवाजात तो म्हणाला, "कोन आलंय गं?"

'गं' हे तिला नव्हतं.

भिंतीच्या बाजूने उत्तर आलं. हळू, हसरं, नव्या नवरीसारखं. "कुनी न्हाई वो. निजा वाईच."

तो आवाज वनिताने कुठेही ओळखला असता. तो तिचाच होता.

घोंगडीच्या खालच्या कडेतून एक पाऊल बाहेर आलं होतं. रुंद, चिखलणीचं. टाचेला आडवी भेग, बोटात तिच्या सासूने घातलेली, एका बाजूने झिजलेली जोडवी. तळवा पिठाने पांढराफेक होता.

वनिताने आपल्या पायांकडे पाहिलं. तळवे स्वच्छ होते. मग तिने मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. पीठ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखं पसरलेलं होतं. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. एक ओरखडा नाही.

दार लोटून सगुणाबाई आत आली. घोंगडीकडे तिने बघितलं नाही. पिठाकडे बघितलं, मग पिठाच्या भलत्या बाजूला उभ्या असलेल्या वनिताकडे बघितलं. तिचं तोंड आक्रसलं, डोळे भरून आले, पण बाहेर माणसं खोळंबली होती.

"आत्या, म्या पाय टाकला," वनिता म्हणाली. "दोन्ही टाकले. दाबून टाकले."

"व्हय गं पोरी," म्हातारी म्हणाली. "म्या बी टाकले व्हते."

मग ती दाराकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पीठ शाबूत हाय!"

अंगणात हलगी कडाडली. कातळाईच्या नावाने चांगभलं झालं. घोंगडीखालून कुणीतरी जांभई देत उठू लागलं. सगुणाबाईने फळीवरची चाळण काढली, वनिताच्या हातात दिली आणि तिची बोटं चाळणीच्या कडेवर एक एक करून मिटवली. चाळण केवढी जड लागली तिला.

"सांच्याला इसरू नगं," सगुणाबाई म्हणाली.